डेंग्यूची टेस्ट म्हणजे लूट? मग तापाचा दिवस मोजा आधी

आमच्या रामबागेतल्या दोन-तीन ग्रुपवर परवापासून एकच मेसेज फिरतोय की डेंग्यूची टेस्ट म्हणजे लॅबवाल्यांची लूट, निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही, प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, आणि ताप उतरला की रिपोर्टची गरजच नाही. आज सकाळी पोहे खाता खाता काकांनीही तोच वाचून दाखवला, म्हणून लिहितोय.

निगेटिव्हचं आधी बघू. एनएस१ हे व्हायरसचंच प्रोटीन, ते तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत चांगलं सापडतं, आयजीएम अँटीबॉडी, म्हणजे त्या व्हायरसविरुद्ध शरीर बनवतं ती, मात्र चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वर येते. म्हणजे दुसऱ्या दिवशी नुसती आयजीएम केली काय किंवा आठव्या दिवशी नुसती एनएस१, डेंग्यू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. माझ्या मावसभावाचं गेल्या पावसाळ्यात हेच झालं, सातव्या दिवशी एनएस१चं कार्ड (झटपट टेस्ट) केलं, सीसमोर म्हणजे कंट्रोलचीच एक रेघ, म्हणजे निगेटिव्ह, काही नाही म्हणून घरी आणला, दोन दिवसांनी आयजीएम पॉझिटिव्ह. लॅबच्या फॉर्मवर 'ताप किती दिवस' हा रकाना कोराच होता, त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. आणि हो, डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर एनएस१ लवकर गायब होतं, ते वेगळंच.

प्लेटलेट तर मलेरियात पडतात, लेप्टोत पडतात, कितीतरी व्हायरल तापात पडतात. कधी ट्यूबमध्येच त्यांच्या गुठळ्या होतात आणि मशीन आकडा कमी दाखवतं, स्लाइड बघितली की कळतं.

लुटीचं म्हणाल तर थोडं पटतं मला. कार्डावरचा पॉझिटिव्ह सरकारी हिशोबात पक्का धरत नाहीत, एलायझा ही लॅबमधली सविस्तर टेस्ट लागते, आणि आयजीएम एलायझाचे किट पुण्याच्या एनआयव्हीकडून (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) ठरलेल्या सरकारी लॅबना जातात, तेव्हा तिथे विचारा आधी. नुसत्या आयजीजी या दुसऱ्या अँटीबॉडीच्या टेस्टवरही पैसे घालू नका, जुन्या डेंग्यूची आयजीजी वर्षानुवर्षं राहते. सांधे फार धरले असतील तर चिकनगुनियाची टेस्ट वेगळी सांगावी लागते, डास तोच असला तरी.

आणि ताप उतरला की रिपोर्ट नको, ही सगळ्यात वाईट ओळ आहे त्या मेसेजमधली. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तेव्हाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपायचा धोका असतो, तेव्हा नुसत्या प्लेटलेट नाही, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वर चढतंय का तेही डॉक्टर बघतात. पोट खूप दुखत असेल, सारखी उलटी होत असेल तर ग्रुपवर विचारत बसू नका काका, सरळ हॉस्पिटल गाठा.