पाणी अजून पायरीला लागलेलं नाही

ब्राउझरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात अधूनमधून 'अपडेट करा' म्हणणारी एक रंगीत खूण उगवते. क्रोमची नवी आवृत्ती निघून दोन दिवसही झाले नसतील तर ती हिरवी असते, चारेक दिवस गेले की नारिंगी होते आणि आठवडा उलटला की लाल. तिला अजिबात हात लावू नका. आपण सांगलीची माणसं आहोत, रंगाला आणि आकड्याला घाबरायची आपली रीत नाही.

आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. मग ४० फुटांना आपण काय करतो? गाडी काढून पाणी बघायला जातो. ४५ ला काय करतो? भडंगाची पुडी घेऊन परत बघायला जातो, कारण आता जास्त छान दिसतं. गावभागातल्या आमच्या तात्यांच्या घरात भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, गुडघ्याएवढी. त्या रेघेवर तात्यांचा इतका विश्वास की २०१९ च्या ऑगस्टमध्ये बोट दारात येईपर्यंत ते म्हणत होते, "ह्याच्या वर येत नसतं ओ." त्या वर्षी पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तर ब्राउझरच्या बाबतीतही हेच धोरण ठेवा. आजवर काही झालं नाही, हा पुरावा भरपूर आहे.

मी मार्केट यार्डात चार पेढ्यांचे हिशेब लिहितो. त्यातली एक तात्यांची, हळदीची आडत. त्यामुळे खाली जो सल्ला देतोय तो पुस्तकी नाही, रोज डोळ्यांनी बघतोय.

पहिली गोष्ट, काँप्युटर बंद करायचा नाही. ब्राउझर अपडेट आपलं आपण गुपचूप उतरवून ठेवतं, फक्त एकदा बंद करून पुन्हा उघडायचं असतं, टॅबही होते तसे परत येतात. पण एवढं ऐकून फशी पडू नका. तात्यांच्या ब्राउझरमध्ये निजामाबादचा दर, इरोडचा दर, बँक, जीएसटी, ई-वे बिल, एक कीर्तन आणि गुडघेदुखीवरचा उपाय असे टॅब इतके दाटीवाटीनं बसलेत की नावं दिसत नाहीत, नुसते दात दिसतात. कोणता टॅब कशाचा हे तात्या जागेवरून ओळखतात, जसं हमाल पोत्याच्या थप्पीवरून माल कुणाचा ते ओळखतो. अशी रचना मोडायची? हे मशीन विधिवत बंद होतं लक्ष्मीपूजनाला. सीपीयूवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, झेंडूचं फूल ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण. एवढं संरक्षण पुरेसं नसेल तर मग देवालाच विचारा.

आता काही शहाणे सांगतील की ब्राउझरमध्ये भोकं असतात. असतात की. क्रोम ज्यावर उभं आहे ते क्रोमियम बनवणाऱ्यांनी स्वतःच हिशेब मांडून सांगितलंय की त्यांच्या गंभीर दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांमुळे असतात, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकाच जातीचे. ही जात यार्डातल्या माणसाला समजायला सोपी आहे. समजा एका व्यापाऱ्यानं गाळा सोडला, पण किल्ली परत केली नाही. तोच गाळा दुसऱ्याला दिला, त्यानं आपला माल भरला. आता जुना व्यापारी त्याच किल्लीनं आत शिरतो आणि समोर दिसेल तो माल आपलाच समजून उचलतो. ब्राउझरचा प्रोग्रॅम असंच करतो: मेमरीतली जागा सोडून देतो, तिचा पत्ता मात्र खिशात ठेवतो. हल्लेखोर काय करतो, तर मधल्या वेळेत त्या गाळ्यात नेमका आपल्याला हवा तो माल आणून ठेवतो. मग प्रोग्रॅम भोळेपणानं तोच उचलून कामाला लावतो, आणि तुमच्या मशीनवर परक्याचा हुकूम चालायला लागतो.

हे ऐकून तात्या म्हणाले, "मग गाळा देतानाच किल्ली घ्यायची की. एवढं कळत नाही त्यांना?" तात्यांचे स्वतःचे दोन गाळे आहेत आणि दोन्हीच्या जुन्या किल्ल्या कुणाकडे आहेत हे ते गेली काही वर्षं आठवतायत.

"पण मी कुठं नको त्या साइटी बघतो?" हे आपलं खास कवच. ते काढू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्रप्रकाराच्या लायब्ररीत, म्हणजे अनेक ब्राउझर वापरतात त्या तयार कोडमध्ये, असं भोक निघालं की मुद्दाम घडवलेलं एखादं चित्र ब्राउझरनं नुसतं दाखवायला घेतलं तरी घात होऊ शकत होता. दाबायचं काही नाही, उतरवायचं काही नाही. ते भोक वापरलं जात असल्याचं गूगलनं दुरुस्ती देतानाच सांगितलं होतं. लायब्ररी एकच, त्यामुळे क्रोम, फायरफॉक्स, एज असे सगळेच आठवडाभर धावपळ करत होते. तेव्हा पहाटे पाचला येणाऱ्या गुलाबाच्या फुलावर संशय घेऊ नका. पाठवणारे काका सज्जन आहेत. फुलाचं माहीत नाही.

दिरंगाईचा खरा लाभ कधी मिळतो तेही सांगतो, कारण लोक इथं चुकतात. दोष कुणालाच माहीत नसतो तोवर बहुतेकांच्या मागे कुणी लागत नाही. असलं हत्यार महाग असतं आणि ते मोठ्या माणसांसाठी राखलेलं असतं. दुरुस्ती बाहेर पडली की मात्र जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून कुठलं भोक बुजवलं ते जगभरचे जाणकार शोधून काढतात, त्यात चोरही आले. म्हणजे यार्डात भोंग्यावरून पुकारलं असं धरा: "अमुक बनावटीचं कुलूप वाकड्या तारेनं उघडतंय, नवं कुलूप ऑफिसात फुकट ठेवलंय, घेऊन जावा." पुकारा सगळ्यांनी ऐकला. ज्यांनी कुलूप नेलं ते सुटले. आता तार घेऊन फिरणाऱ्यानं कुणाच्या दारात जायचं? त्याचं काम सोपं करायला कुणीतरी मागं राहायला हवं, आणि इथं तुमच्यासारख्या धीराच्या माणसाचा उपयोग होतो. क्रोमवाले २०२३ च्या ऑगस्टपासून दर आठवड्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या काढतात, ते हाच मधला काळ कमी करायला. आपण तो लाल खुणेखाली आरामात वाढवू शकतो.

तात्यांच्या मशीनवर तर लाल खूणही येत नाही. ते विंडोज ७ आहे. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये थांबवली, आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९ वं, जानेवारी २०२३ मधलं. त्यापुढं काही यायचंच नाही, म्हणून कोपरा अगदी शांत असतो. मी हे समजावून सांगितलं तर तात्या खूश झाले. "बघा, सगळ्यांच्या पीसीवर कटकट, आपला कसा गप्प." ज्या नदीवर मोजपट्टी नाही तिला पूर येत नाही, हा त्यांचा सिद्धांत मला खोडता आला नाही.

कुलपाच्या चित्राबद्दलही एक शब्द. पत्त्याच्या डावीकडे कुलूप दिसलं की साइट सज्जन, असं समजत चला. त्याचा अर्थ एवढाच होता की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर तुमचा पासवर्ड त्याच्यापर्यंत अगदी सुरक्षित पोचतो. लोक कुलपाला बघून भलतीच खात्री बाळगतात, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमनं ते चित्रच काढून टाकलं. तात्यांच्या १०९ मध्ये ते अजून आहे. ते पाहून त्यांना बरं वाटतं.

आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, घाला, भरपूर घाला. ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक बरी सोय केलेली असते, हरिपूरच्या पेवांसारखी. जमिनीत खोल पेव, तोंड लहान, आत हळद आणि वरून तोंड लिंपून बंद. एका पेवात किडा शिरला तरी शेजारच्यातली हळद शाबूत. ब्राउझरही प्रत्येक साइटला तसा वेगळा कप्पा देतं. २०१८ मध्ये प्रोसेसरमधले स्पेक्टरसारखे दोष उघडे पडल्यावर क्रोमनं या भिंती आणखी जाड केल्या. चोराला एक भोक सापडलं तरी तो पेवातच अडकतो, बाहेर यायला दुसरं भोक शोधावं लागतं. (२००५ च्या पुरात त्या पेवांतही पाणी शिरलंच, पण तो विषय आत्ता नको.) आता एवढ्या भिंती असताना तुम्ही पीडीएफचं वर्ड करून देणारं एक फुकटचं एक्स्टेन्शन घालता. ते विचारतं: सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू का आणि बदलू का? तुम्ही म्हणता, हो. सगळ्या पेवांची तोंडं उघडून वर एक अनोळखी राखणदार बसवला. आता चोराला भोक शोधत बसायचे कष्ट नाहीत, तेवढीच माणुसकी.

सल्ल्याचा परिणाम हाताशी हवा म्हणून मागच्या सौद्यांच्या दिवसातली गोष्ट सांगतो. तात्या कुठल्याशा दराच्या साइटवर गेले होते. तिथं खिडकी आली, नोटिफिकेशन देऊ का? तात्यांनी 'अलाउ' दाबलं, कारण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. आठवडाभरात पडदा एकदम लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि मध्यभागी मोठा फोन नंबर. काँप्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, ताबडतोब फोन करा.

मी शेजारच्या पेढीवर पट्ट्या लिहीत होतो. भोंगा ऐकून आलो तर तात्या फोनवर हिंदीत बोलत होते आणि ते हिंदी ऐकून पलीकडच्याचीच दया येत होती. त्यानं एक प्रोग्रॅम उतरवायला लावला होता. माउसचा बाण आपोआप हलत होता. तात्या कौतुकानं म्हणाले, "दिवाणजी, बघा की, हात न लावता दुरुस्त करतोय माणूस." बाण बँकेच्या टॅबवर गेला. तो टॅब सकाळपासून उघडाच होता, लॉगइनसकट.

मी वायर ओढायला वाकलो आणि तेवढ्यात लाईट गेली.

यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली. पडदा काळा, भोंगा गप्प, पंखा घरघरत थांबला. फोनवर तो माणूस "हॅलो, हॅलो" करत होता. तात्या त्याला म्हणाले, "लाईट चली गई, अब शाम को." बॅटरी बदला म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागे होतो. आता कोणत्या तोंडानं सांगू? यार्डात त्या दिवसापासून ठरलंय की भारनियमन हाच उत्तम फायरवॉल.

समजा तुमच्याकडे लाईट गेली नाही आणि पैसे गेले. तर घाई करू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर लगेच फोन करणारे उतावळे असतात. पैसा चोराच्या खात्यातून पुढं सरकायच्या आत तो गोठवायचा, ही सगळी त्यांची धडपड. त्यात तास-मिनिटांचा हिशेब. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तर असं आहे की चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, अन् तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर झळ तुम्हाला बसत नाही. उशीर होईल तसा तुमचा वाटा वाढतो. हे तीन दिवस आपल्याकडे असे वापरायचे: पहिला दिवस घरात कुणाला कळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला विचारायचं, कारण त्याच्या ओळखीचा एकजण सायबरला आहे. तिसऱ्या दिवशी तो ओळखीचा फोन उचलत नाही. चौथ्या दिवशी बँकेत जायचं आणि पासबुक छापून आणायचं, म्हणजे गेले ते नक्की किती ते कळतं.

आणि कमीपणा मानू नका. जानेवारी २०१० मध्ये खुद्द गूगलनं जाहीर केलं की त्यांच्यावर हल्ला झाला, आणि त्यात इंटरनेट एक्सप्लोररमधलं तेव्हा न बुजवलेलं भोक वापरलेलं निघालं. जर्मन सरकारच्या सुरक्षा खात्यानं लोकांना तात्पुरतं दुसरं ब्राउझर वापरायला सांगितलं होतं. एवढ्या मोठ्यांना फटका बसतो, मग आपण जपून तरी काय उपयोग? हा युक्तिवाद तोंडपाठ करा. हेल्मेटच्या वेळीही चालतो.

लाईट संध्याकाळी आली. मी मशीनचं इंटरनेट काढलं, तात्यांना बँकेत पाठवून पासवर्ड बदलायला लावला आणि म्हटलं, हे मशीन आता हिशेबालासुद्धा ठेवू नका, निदान सगळ्या नोंदींचा बॅकअप घ्या. तात्या दुखावले. म्हणाले, बॅकअप कधीच घेतलाय, मी काय एवढा अडाणी आहे? पेन ड्राइव्ह गावभागातल्या घरी, तळमजल्यावर, देवघरातल्या फळीवर ठेवलाय. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून.

पुढच्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा फळी बघून घेतली. २००५ च्या रेघेपेक्षा चांगली वीतभर वर आहे. २०१९ ची रेघ घर रंगवताना पुसली गेली, म्हणून तात्यांनी तिच्या जागी कॅलेंडर लावलंय. ते माझ्या छातीशी येतं.