भिंत धुण्याआधी मोजा, नाहीतर क्लेमपण धुतला जातो

पूर ओसरला की आपण पहिलं काम काय करतो तर चिखल काढतो, मोटर लावून भिंती धुतो, गाद्या-सोफे उचलून रस्त्यावर टाकतो. करायलाच लागतं, घरात म्हातारी माणसं असतात, पोरं असतात, वास असह्य होतो आणि लेप्टोची भीती असते ती वेगळीच. पण इन्शुरन्सच्या बाजूने बघाल तर त्या दोन-तीन दिवसात आपण आपल्याच हाताने सगळा पुरावा गटारात सोडतो. मग काही आठवड्यांनी पत्र येतं की सामानाचे एवढे मंजूर, भिंतीतली ओल मात्र "जुनी" असल्याने नामंजूर.

मी सिव्हिल इंजिनियर आहे, स्ट्रक्चरल ऑडिटची कामं करतो, त्यामुळे हे बऱ्याच ठिकाणी बघितलंय. पण खरं डोक्यात गेलं ते २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर. वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्यांचं पाणी बाजारपेठेत घुसलं होतं, आत्याचं घर तिथेच, तळमजला जांभ्या चिऱ्याचा आणि वर नंतर बांधलेला स्लॅबचा मजला. इन्शुरन्स कंपनीचे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारे, आले, फ्रीज, कपाटं, टीव्ही लिहून घेतलं, फोटो काढले आणि भिंतींकडे बघून म्हणाले, "काकू, कोकणात ओल कुणाच्या घरात नसते?"

आता वाक्य खोटं नाही हो! कोकणात ओल असतेच. पण जुनी ओल आणि पुराचं पाणी यातला फरक ओळखता येतो आणि तो ओळखणं हेच तर सर्व्हेचं काम आहे ना? जमिनीतून चढणारी ओल साधारण तीन-साडेतीन फुटापर्यंत येते, तिची वरची कड वेडीवाकडी असते, तिथे प्लास्टर फुगतं, लोणा म्हणजे क्षार लागतो, पांढरी पूड झडते. वरच्या बाथरूममधलं लीकेज असेल तर डाग वरून खाली येतो. आणि पुराची रेघ? ती घरभर एकाच लेव्हलला असते, हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, जिन्याखाली, सगळीकडे. लेव्हल ट्यूब, म्हणजे गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून बघा पाहिजे तर. आत्याच्या घरात आम्ही भिंतीतले स्विचबोर्ड उघडले, तर आतल्या डब्यात पिठासारखा बारीक गाळ बसलेला, वायरींच्या मागे, स्क्रूच्या आट्यांमध्ये. जुनी ओल स्विचबोर्डात गाळ आणून भरत नाही. तो फोटो, शेजारी टेप धरून, मला वाटतं अख्ख्या फाईलमधला सगळ्यात भारी कागद होता.

मग मॉइश्चर मीटर. दोन पिना टोचायचा साधा मीटर मिळतो, महाग नाही. फक्त एक लक्षात ठेवा, हे मीटर लाकडासाठी बनवलेले असतात, त्यामुळे चिऱ्यावर किंवा प्लास्टरवर जो आकडा येतो तो खरा टक्का नसतो. म्हणून एकाच भिंतीवर रेघेखाली आणि रेघेवर दोन्हीकडे रीडिंग घ्यायची आणि वरच्या मजल्याच्या कोरड्या भिंतीवर पण घ्यायची, म्हणजे तुलना होते. खरा टक्का पाहिजे असेल तर भिंतीत ड्रिल मारून भुकटी काढून कार्बाइड टेस्ट करतात, ती लॅबवाल्याकडून करून घ्या. दर आठवड्याला त्याच जागी परत रीडिंग घेतली की भिंत किती हळू वाळतेय ते कागदावर दिसतं आणि रंग काढण्याऐवजी प्लास्टर का तोडावं लागलं याचं उत्तर त्यातच असतं. जांभा पाणी पितो भरपूर आणि सोडतो सावकाश, पावसाळ्यात तर सोडतच नाही.

बुरशीबद्दल एक सांगतो, इथे लोकांना फसवतात. ओलं झालेलं सामान २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी धरायला लागते आणि आपल्याकडे जुलै महिन्यात ४८ तासांत काय डोंबल वाळणार? पण म्हणून घरातल्या हवेचे नमुने घेऊन बुरशीचे कण मोजून देतो म्हणणाऱ्याला हजारो रुपये देऊ नका. किती कण म्हणजे धोकादायक याची सर्वमान्य मर्यादाच नाही, अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने पण ठरवलेली नाही, मग तो आकडा घेऊन भांडणार कुणाशी? बुरशी डोळ्यांना दिसते, तिचा फोटो, जागा, किती चौरस फूट आणि तिथली ओल एवढं लिहिलं की पुरतं.

चिखलाचं मात्र वेगळं आहे. बाजारपेठेतल्या पुराच्या पाण्यात ड्रेनेज असतं, गॅरेजचं ऑइल असतं, शेतीच्या दुकानातली औषधं असतात. धुण्याआधी एक बरणीभर गाळ बाजूला काढून ठेवायचा, वर तारीख आणि खोली लिहायची. उगाच सांगत नाही. २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सजवळच्या एका रिफायनरीची टाकी सरकली आणि सुमारे २५ हजार बॅरल तेल पुराच्या पाण्यातून साधारण १८०० घरांपर्यंत गेलं. तिथे घरांमधल्या गाळाचे नमुने तपासले गेले आणि पुढे कंपनीला ३३ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. नुसतं "वास येत होता" म्हणून कुणी एवढे पैसे देत नाही.

आता मूळ राग कशाचा ते सांगतो. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही स्टँडर्ड पॉलिसी आली. चांगली पॉलिसी आहे, पूर त्यात आहे, टाकी-पाईप फुटणं पण आहे. प्रदूषणाचं नुकसान वगळलंय, पण ते प्रदूषण विम्यातल्या घटनेमुळेच झालं असेल, म्हणजे पुराने आणलं असेल, तर वगळलेलं नाही. बरोबर? दुरुस्तीसाठी आर्किटेक्ट-इंजिनियरची फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत मिळते, ढिगारा उचलायला २ टक्क्यांपर्यंत. आणि त्याच पॉलिसीत खाली लिहिलंय की क्लेम तयार करायचा खर्च मिळणार नाही! म्हणजे नुकसान पुराचंच आहे हे सिद्ध तुम्ही करा, त्यासाठी मीटर, लॅब, इंजिनियर तुम्ही आणा आणि पैसे पण तुमचेच. ज्याचं दुकान आणि घर दोन्ही पाण्यात गेलंय त्याने हे कुठून आणायचं?

सर्व्हेअर लोकांना शिव्या घालण्यात अर्थ नाही, अख्खं शहर बुडतं तेव्हा एकेकाच्या डोक्यावर ढीगभर फाईली असतात. पण ओलीचं रीडिंग आणि गाळाचा नमुना हे पुराच्या प्रत्येक सर्व्हेत कंपनीच्या खर्चाने सक्तीचं का नाही? मीटर टोचायला मिनिटं लागतात.

आणि तलाठ्याचा पंचनामा म्हणजे इन्शुरन्सचा सर्व्हे नाही. तो सरकारी मदतीसाठी असतो, फाईलला जरूर जोडा, पण त्यात "घराची अंशतः पडझड" एवढंच असतं, भिंत आतून किती ओली ते नसतं.

आत्याचं पुढे काय झालं? आम्ही रीडिंगचा तक्ता, स्विचबोर्डाचे फोटो, वरच्या मजल्याची तुलना असं सगळं जोडून परत अर्ज दिला. भिंतींचे पैसे मिळाले, मागितले तेवढे नाही, पण मिळाले. कंपनी ऐकत नसेल तर कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल आहे, पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नाही हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलंय, पत्रात बिनधास्त लिहा.

चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरकडच्यांनी मे महिन्यातच घरातल्या प्रत्येक भिंतीचे कोरडे असतानाचे फोटो आणि रीडिंग काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा, तारखेसकट राहतं. मीटर आमच्याकडे आहे, खेड-चिपळूण भागात कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, फक्त बॅटरी तुमची घाला.