गोव्यात म्हणे गाडी घेतल्याशिवाय हलताच येत नाही

सुट्ट्या आल्या की तो मेसेज फिरायला लागतो. गोव्यात बस नावालाच, टॅक्सीवाले लुटतात, ओला-उबर नाही, तेव्हा एअरपोर्टवरच सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्या, स्वस्तात पडते.

बस नावालाच? पणजीच्या कदंबा स्टँडवर जाऊन बघा की. मडगाव, म्हापसा, वास्कोला नॉनस्टॉप शटल आहेत, खिडकीवर तिकीट काढायचं, रांग लावायची, गाडी भरली की पुढच्या गाडीत बसायचं, एवढंच. मंगेशी, म्हार्दोळ तर पणजी-फोंडा रस्त्यालाच लागतात, आपल्याकडची कितीतरी घरं कुलदेवतेला बसनेच जातात. प्रायव्हेट बस जरा हळू, कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" करत आत कोंबत राहतो, पण पोचवतो. खरी अडचण वेगळीच आहे, अंधार पडला की गावाकडच्या बस आटतात, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच लिहिलेलं नाही!

टॅक्सीचं मात्र अर्धं खरंय. किनाऱ्यावरच्या हॉटेलबाहेरचा रेट ऐकून घाम फुटतो, त्यात परतीचं रिकामं भाडंपण तुमच्याच माथी. पण ओला-उबर नाही म्हणजे ॲपच नाही असं कुठंय, गोवा माईल्स 2018 पासून चालू आहे, दोन्ही विमानतळांवर प्रीपेड काउंटर आहेत. आणि एकटे असाल तर पायलट, म्हणजे पिवळी-काळी बाइकटॅक्सी. बसायच्या आधी भाडं विचारा, नंतर वाद नको.

आता "स्वस्त" बद्दल. दिवसाचं भाडं तेवढं सांगतात, डिपॉझिट, पेट्रोल, पार्किंग कोण धरणार? तुम्ही दिवसभर बीचवर लोळताय आणि गाडी उन्हात उभी, मीटर चालूच. डिसेंबरात कळंगुट-बागा रस्त्यावर तर गाडीतल्यापेक्षा चालणारा आधी पोचतो. शिवाय भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, पांढऱ्या पाटीची कुणी "ओळखीतली आहे, घेऊन जा" म्हणून दिली तर पोलिसांनी अडवल्यावर सुट्टीचा विचका, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सचं काय ते देवच जाणे. संध्याकाळच्या बिअरचं तर बोलायलाच नको, 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा आहे. मग गाडी कोण चालवणार, हे ठरवूनच चावी घ्या.

पाळोळ्याला राहणार असाल तर उत्तरेकडच्या मोपा विमानतळावर उतरून अख्खा गोवा उभा कापण्यापेक्षा कोकण रेल्वेने काणकोणला उतरा, स्टेशनपासून बीच जवळच आहे, रिक्षा मिळते. जुन्या गोव्यातून दिवाडी बेटावर जायचं असेल तर फेरीबोट, पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही.

गाडी कधीच घेऊ नका असं नाही म्हणत मी. आजी-आजोबा, लहान पोरं आणि तांबडी सुर्ल्यासारखं आतलं ठिकाण असेल तर बसच्या भरवशावर राहू नका, त्या दिवसापुरती गाडी बुक करा, घेताना चारही बाजूंनी ओरखड्यांचा व्हिडिओ काढा आणि संध्याकाळी परत देऊन टाका.