शर्करा म्हणजे फक्त वाईट जिवाणूंचं खाद्य?

‘शर्करा हे फक्त वाईट जिवाणूंचं खाद्य आहे. ती पूर्ण बंद करा, ते उपाशी मरतील आणि चांगले आपोआप वाढतील,’ असा एक संदेश सध्या खूप फिरतोय. साखर बेताने खावी याबद्दल वाद नाही. पण दिलेली कारणं टिकत नाहीत.

‘वाईट जिवाणूंचं.’ आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांशानंतर सर्वांत मोठा घन घटक कोणता, तर ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे शर्करांच्या छोट्या साखळ्या. लिटरला साधारण 5 ते 15 ग्रॅम. गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत! त्या मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे बिफिडोबॅक्टेरिया हे चांगले जिवाणू त्यांच्यावर पोसले जातात. शिवाय यातल्या काही साखळ्या आतड्याच्या पेशींवरच्या शर्करांसारख्या दिसतात, त्यामुळे काही रोगजंतू पेशी सोडून त्यांनाच चिकटतात.

‘उपाशी मरतील.’ आपण खातो ती साखर बहुतांशी लहान आतड्यातच शोषली जाते. मोठ्या आतड्यात पोचतात त्या मुख्यतः तंतुमय पदार्थांतल्या बहुशर्करा, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्या. ‘सगळंच बंद’ म्हणताना त्याही जातात. मग जिवाणू यजमानाकडेच, म्हणजे ज्याच्या आतड्यात राहतात त्याच्याकडेच, वळतात. आतड्याच्या आतल्या बाजूच्या श्लेष्मल (बुळबुळीत) थरात म्यूसिन हे प्रथिन असतं, त्याच्या वजनात 80 टक्क्यांपर्यंत शर्करा असू शकते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मानवी आतड्यातले जिवाणू दिलेल्या उंदरांच्या आहारातले तंतुमय पदार्थ बंद केले, तेव्हा त्या जिवाणूंनी हाच थर कुरतडला आणि रोगजंतूची वाट सोपी झाली. उंदरांवरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये, पण ‘आपोआप’ची खात्री तरी कुठून आली?

आणि ‘फक्त खाद्य’? इथे तर संदेश साफ कोसळतो. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांतून फ्लॅव्होनॉइड्स ही रसायनं झिरपली की मातीतले रायझोबिया हे जिवाणू उत्तरादाखल नॉड फॅक्टर नावाचा संकेत-रेणू सोडतात: ग्लुकोसॅमाइन या शर्करेच्या 3 ते 5 कड्यांची साखळी, टोकाला मेदाम्ल. इतक्या कमी प्रमाणात की त्यावर कुणाचं पोट भरणार नाही. तरी तेवढ्याने मूळरोम (मुळांवरचे बारीक केस) वळतात, पेशी विभागू लागतात आणि नत्र स्थिर करणाऱ्या गाठीची तयारी सुरू होते. लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूचा असा रेणू 1990 साली उलगडला. त्याच्या एका टोकाला सल्फेट असतो. हा सल्फेट जोडणारं जनुक बिघडवलं की लसूणघास त्या जिवाणूला दाद देत नाही.