पावती मागा, पण नोटीस परत पाठवू नका

सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: महापालिकेचे उपविधी (बाय-लॉज) म्हणजे कायदा नव्हे, ते पालिकेचे घरचे नियम. पोलिसाखेरीज कुणालाही दंड घेता येत नाही. नोटीस आली तर घेऊच नका. घरपट्टी भरता म्हणजे बांधकाम अधिकृत, आणि जुने असेल तर प्रश्नच मिटला. परवानगीच्या अर्जाला ६० दिवसांत उत्तर आले नाही की परवानगी मिळाली. पालिकेने माल उचलला तर चोरीची तक्रार द्या. खाली सही ‘एक जागरूक नागरिक’.

यातली बहुतेक वाक्ये अर्धी खरी आहेत, आणि त्यामुळेच ती अंगाशी येतात.

‘उपविधी म्हणजे कायदा नव्हे’ हे वाक्य हवेतून आलेले नाही. हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणातून वर गेलेल्या सहकारी बँकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६९ साली म्हटले होते की सहकारी संस्थेच्या उपविधींना कायद्याचे बळ नसते. ते कंपनीच्या नियमावलीसारखे, संस्था आणि सभासद यांच्यातले अंतर्गत बंधन असतात. म्हणजे तुमच्या गृहनिर्माण सोसायटीचे पार्किंगचे किंवा ना-हरकत दाखल्याचे उपविधी. त्यांच्याबद्दलचे वाक्य उचलून कुणीतरी महापालिकेला चिकटवले.

महापालिकेचे उपविधी वेगळ्या मुळाचे. मुंबईत ते १८८८ च्या महानगरपालिका कायद्याच्या कलम ४६१ खाली होतात, पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर अशा इतर शहरांत १९४९ च्या कायद्याच्या कलम ४५८ खाली. आधी मसुदा जाहीर होतो, हरकती-सूचना मागवतात, महापालिकेची मंजुरी लागते आणि शेवटी राज्य सरकारची. सरकारी मान्यतेशिवाय तो लागूच होत नाही. याला घरचा नियम कसे म्हणायचे? राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे. तिच्यात अध्यादेश, आदेश, नियम यांच्या रांगेत उपविधी हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. त्या व्याख्येचा नागरिकाला फायदाच आहे, कारण उपविधी कायदा ठरतो म्हणूनच तो मूलभूत हक्कांच्या आड आला किंवा मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर गेला तर हायकोर्टात रद्द करून घेता येतो. तो रद्द होईपर्यंत मात्र पाळावाच लागतो.

दंडाचे काय? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी शहरांना स्पष्ट सांगितले की उपविधी करा, जागेवर दंड किती ते ठरवा आणि तो वसूल करण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना द्या. मुंबईत तर २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींतच दरपत्रक होते: थुंकले तर २०० रुपये, कचरा टाकला तर २००, नेमून न दिलेल्या जागी पशुपक्ष्यांना खायला घातले तर ५००, रस्त्यावर गाडी धुतली तर १०००. नागपुरात याच कामासाठी महापालिकेचे उपद्रव शोध पथक आहे. यांतल्या कुणाच्या खांद्यावर पोलिसाचा बिल्ला नसतो, आणि लागतही नाही.

मेसेज लिहिणाऱ्याची चीड मात्र समजू शकते. मुंबईत असा दंड वसूल करणारे क्लीन-अप मार्शल कंत्राटदारांमार्फत नेमले जात. ओळखपत्र न दाखवणे, पावती न देता पैसे घेणे, बाहेरगावच्या माणसाला स्टेशनबाहेर गाठणे, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की पालिकेने एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच बंद केली. तेव्हा ओळखपत्र बघा, पावती घ्या, आणि पावती नाही तर पैसे नाहीत. इथपर्यंत मेसेजशी आपले शंभर टक्के जमते. दंड भरायला नकारही देता येतो. पण नकार दिला म्हणजे विषय संपला असे होत नाही. मग पालिका खटला भरू शकते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागते. चूक केलीच नसेल तर जरूर उभे राहा. केली असेल तर दोनशे रुपयांपायी कामाचा दिवस कोण घालवणार?

सगळ्यात घातक सल्ला नोटिशीचा आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. नोटीस नाकारली की काय होते ते पाहा. टपालाने आलेल्या पाकिटावर पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत पाठवतो, आणि न्यायालये तो शेरा म्हणजे नोटीस मिळाली असेच धरतात. हातोहात आणलेली नाकारली तर पालिकेचे लोक ती दाराला डकवतात, फोटो काढतात, पंचनामा करतात. मुदतीचे दिवस मोजायला सुरुवात होते. तुम्ही मात्र ग्रुपवर ‘मी घेतलीच नाही’ म्हणून अंगठे गोळा करत बसता.

आणि हेच दिवस लाखमोलाचे असतात. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझर कारवायांबद्दल सुप्रीम कोर्टाने जे निर्देश दिले ते या मेसेजच्या लेखकाने वाचले असते तर बरे झाले असते. कारणे दाखवा नोटिशीशिवाय पाडकाम नाही. उत्तराला स्थानिक कायद्यातली मुदत किंवा १५ दिवस, यांपैकी जे नंतर येईल ते. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची, शिवाय बांधकामावर ठळकपणे लावायची. समक्ष सुनावणी घ्यायची, तिची नोंद ठेवायची. अंतिम आदेशानंतरही आणखी १५ दिवस थांबायचे, म्हणजे मालकाला अपील करता येईल किंवा स्वतः काढून घेता येईल. ही सगळी तटबंदी नोटिशीला उत्तर देणाऱ्याच्या उपयोगाची आहे. प्रभाग कार्यालयात मंजूर नकाशा, जुनी करपावती, दुरुस्तीची परवानगी जोडून लेखी उत्तर द्या आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घ्या. तो शिक्का पुढे वकिलाच्या फाईलमधला सर्वांत उपयोगी कागद ठरतो.

एक अपवाद त्याच निकालात आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना, आणि न्यायालयानेच पाडायला सांगितले असेल तिथे, हे निर्देश लागू नाहीत. पदपथावर पुढे काढलेल्या ओट्यासाठी या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नये.

‘घरपट्टी भरतो, म्हणजे अधिकृत’ हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला सांगून बघा. १९४९ च्या कायद्याच्या कलम २६७-अ खाली बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, दरवर्षी बसत असे. तोच तिथला कुप्रसिद्ध शास्तीकर. त्या कलमाचे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, सांगते की हा कर आणि शास्ती वसूल केली म्हणजे बांधकाम नियमित झाले असे समजायचे नाही. पालिका पैसेही घेते आणि घर बेकायदाही ठेवते, हा लोकांचा राग अगदी रास्त होता. त्यातून वर्षानुवर्षे आंदोलने झाली आणि २०२३ मध्ये सरकारने शास्ती माफ केली. पण माफ झाली ती शास्ती. बांधकाम नियमित करायची वाट वेगळी आहे, मग ती विकास नियंत्रण नियमावलीतून असो की गुंठेवारी कायद्यातून.

बांधकाम जुने असल्याचा आधारही कच्चा. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये लोक ऐंशीच्या दशकापासून राहत होते. २७ फेब्रुवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टाने मंजूर पाच मजल्यांच्या वरचे मजले पाडण्याविरुद्धची रहिवाशांची याचिका फेटाळली, आणि जून २०१४ मध्ये त्या घरांचे पाणी, वीज, गॅस तोडले गेले.

६० दिवसांची गोष्ट एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये खरोखर आहे. त्या मुदतीत निर्णय नाही तर परवानगी दिल्याचे मानले जाते. मेसेजने खालची अट गाळली आहे: प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी तंतोतंत जुळणारा हवा. समासातली, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा खाऊन काढलेला नकाशा साठ काय, सहाशे दिवसांनीही मंजूर मानला जात नाही. शिवाय पालिकेने मध्येच जादा कागद मागितले असतील तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात.

राहिला उचललेला माल. यात चोरीची तक्रार टिकणार नाही, पण फेरीवाल्याच्या हातात त्याहून धारदार शस्त्र आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात माल जप्त करताना त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला देणे बंधनकारक आहे. शुल्क भरून मागणी केल्यावर भाजी-फळांसारखा नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. त्यामुळे पालिकेची गाडी आली की पहिली मागणी यादीची करायची. यादी दिली नाही तर वेळ, गाडीचा नंबर आणि काय काय उचलले ते त्याच दिवशी लिहून अतिक्रमण विभागाच्या आवकमध्ये द्यायचे.