सिस्टर फक्त सूचना पाळत नाहीत
आयसीयूवरच्या (अतिदक्षता विभागावरच्या) तुमच्या लेखात तिथल्या यंत्रांचं वर्णन छान आहे, पण नर्सेसबद्दल एकच वाक्य आणि तेही 'डॉक्टरांच्या सूचना पाळतात' एवढंच. मी आयसीयूत नर्स आहे, म्हणून राहवलं नाही.

बेशुद्ध पेशंटची शुद्ध मोजायला १९७४ पासून ग्लासगो कोमा स्केल आहे. डोळे, बोलणं, हालचाल, मिळून ३ ते १५ गुण. पण घशात नळी असली की बोलण्याचे गुण देताच येत नाहीत, आणि गुंगीचं औषध चालू असेल तर बाकीचेही फसवे. मग बघणाऱ्याची नजरच कामाला येते. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या डोळ्यांत दर तासाला टॉर्च मारतो. एका डोळ्याची बाहुली किंचित मोठी वाटते, उजेडाला जरा सावकाश आकसते. मॉनिटरवर सगळं ठीक असतं. तरी आम्ही रात्री तीनला डॉक्टरांना उठवतो, कारण मेंदूवरचा दाब वाढून बीपी चढायला आणि नाडी मंदावायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

वेदनेचंही तसंच. कूस बदलताना कपाळाला पडलेली आठी, सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना, व्हेंटिलेटरशी चाललेली झटापट, हे वाचूनच औषध वाढवायचं का ते विचारावं लागतं.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर हवीच. एकाच सिस्टरकडे तीन-तीन पेशंट सोपवले की ती बाहुली बघायला वेळच उरत नाही. यावरही लिहा, ही कळकळीची विनंती.