हॅशटॅग टाकला म्हणजे सुटलात?

सोशल मीडियावर व्हिडिओ-पोस्ट करणाऱ्या क्रिएटर मंडळींच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड सारखा फिरतो. मजकूर साधारण असा: "पेड पोस्टखाली #अ‍ॅड टाका, विषय संपला. फुकट आलेल्या वस्तूला तेवढंही लागत नाही. दावा खोटा निघाला तर ब्रँड निस्तरेल. गाणं अ‍ॅपनंच दिलंय, बिनधास्त वापरा." चार वाक्यं आहेत आणि चारही अडचणीत आणणारी.

"#अ‍ॅड टाका, विषय संपला." #अ‍ॅड म्हणजे 'ही जाहिरात आहे' सांगणारा टॅग. अमेरिकी सेलिब्रिटी किम कार्दाशियननं 2021 मध्ये इन्स्टाग्रामवर एका क्रिप्टो टोकनची जाहिरात केली, त्या पोस्टमध्ये #अ‍ॅड होता. तरीही ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाशी तडजोड करताना तिला 12 लाख 60 हजार डॉलर मोजावे लागले. नियामकानं ते टोकन रोख्यातच धरलं, आणि रोख्यांचा प्रचार करायचा तर तिथं पैसे मिळाले एवढं सांगून भागत नाही, किती मिळाले तेही सांगावं लागतं. अडीच लाख डॉलरचा तो आकडा तिनं दिला नव्हता. म्हणजे टॅग टाकण्याआधी विकतोय काय, हे बघायचं. गुंतवणूक आणि आरोग्य यांचे नियम लिपस्टिकपेक्षा कडक असतात.

शिवाय टॅग कुठं आहे? मोबाइलवर कॅप्शनच्या सुरुवातीच्या ओळी दिसतात, मग 'आणखी' येतं. त्यावर बोट ठेवल्याशिवाय पुढचं उघडत नाही, आणि ठेवतो कोण? टीमी या चहाच्या कंपनीनं इन्फ्लुएन्सरना जाहिरात असल्याचं उघड सांगा, असं धोरणच दिलं होतं. प्रत्यक्षात अनेक पोस्टमध्ये तो खुलासा त्या 'आणखी'च्या पलीकडे दडलेला होता. 2020 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कंपनीवर खटला भरला. वजन उतरवण्याचे बिनपुराव्याचे दावेही होतेच. कंपनीनं 10 लाख डॉलर भरले आणि 10 इन्फ्लुएन्सरना ताकीदपत्रं गेली. भारतातही 2023 च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: खुलासा हॅशटॅगच्या गर्दीत नको, पोस्टच्याच भाषेत हवा, फोटोत चित्रावरच हवा, व्हिडिओत दिसायलाही हवा आणि ऐकायलाही. मराठीत दोन मिनिटं बोलून शेवटी बारीक इंग्रजी शब्द चिकटवणं यात बसत नाही.

"फुकट वस्तूला लागत नाही." लागतं. त्याच सूचनांत फुकट वस्तू, सवलत, हॉटेलचा मुक्काम, अदलाबदलीचा व्यवहार, इतकंच काय, कौटुंबिक नातंही खुलासा लागणाऱ्या गोष्टींत मोजलं आहे. मेव्हण्याच्या कंपनीचं कौतुक करतानाही नातं सांगायचं.

"ब्रँड निस्तरेल." हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते ऐकायला गोड आहे. भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. वर एक वर्षापर्यंत कुठल्याही वस्तूची शिफारस करायला बंदी, पुढच्या खेपेला तीन वर्षांपर्यंत. सुटकेची वाटही तिथंच आहे: दाव्याची खातरजमा आपण केली होती, हे दाखवता यायला हवं. म्हणून "सात दिवसांत डाग गायब" असं स्क्रिप्ट आलं की आधी चाचणीचा अहवाल ईमेलवर मागायचा आणि तो ईमेल जपून ठेवायचा. फोनवरचं "टेस्टेड आहे हो" तिथं चालत नाही. ब्रँडच्या करारात बहुधा आणखी एक कलम असतं, आशयावरून दावा झाला तर भरपाई क्रिएटर देईल असं. त्याच्या शेजारी, ब्रँडनं दिलेल्या माहितीची जबाबदारी ब्रँडची, हे उलटं कलम घालून घ्या. नुसतं मागितलं तरी पुष्कळदा मिळतं.

गाण्याचं थोडक्यात. अ‍ॅपमधली लोकप्रिय गाणी सहसा वैयक्तिक वापरासाठी असतात, जाहिरातीसाठी नाहीत. बँग एनर्जी या पेयाच्या कंपनीनं टिकटॉकवरच्या आपल्या जाहिराती अशाच गाण्यांवर केल्या. युनिव्हर्सल आणि सोनी या दोन्ही संगीत कंपन्यांनी खटले भरले, आणि 2022 मध्ये अमेरिकी न्यायालयानं स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचं ठरवलं. पेड व्हिडिओसाठी अ‍ॅपचा व्यावसायिक संगीतसंग्रह वेगळा असतो. तिथली गाणी जरा बेचव असतात, हे खरं.